अण्णाचे पिवळे डोळे

सोलापूर

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "दुखणं स्वादुपिंडाचं, मग डोळे पिवळे कशाने?" तेव्हा मी वॉर्डाच्या दारात उभा होतो, धड बोलता आलं नाही.

रात्री जेवण झालं आणि अण्णाच्या पोटात वरच्या बाजूला कळ आली, ती थेट पाठीत. मी पोचलो तेव्हा उशी पोटाशी धरून पुढे वाकून बसलेला, आडवं व्हायला तयार नाही. वहिनी म्हणाली, शेंगाचटणी जास्त झाली असेल. सकाळी लघवी काळ्या चहासारखी. मावशी तर कावीळ उतरवायची माळ घेऊनच आली! तिला आवरून अण्णाला दवाखान्यात नेलं.

रक्तात लायपेज, म्हणजे स्वादुपिंडाचं पाचकद्रव्य, नेहमीच्या तिपटीहून कितीतरी जास्त आणि पित्ताशयात खडे. त्यातलाच एक घसरून नळीच्या तोंडाशी अडकलेला. पित्ताची आणि स्वादुपिंडाची नळी तिथे एकाच तोंडाने आतड्यात उघडतात. दोन घरांच्या मोऱ्या एकाच गटारीत आणि मध्ये वीट, असं समज. पाचकरस आतच चेतून स्वादुपिंडालाच पचवू लागतो आणि पित्त मागे यकृतात तुंबून रक्तात उतरतं, म्हणून डोळे पिवळे. एसजीपीटी, म्हणजे रक्तातलं यकृताच्या इजेचं माप, 150 च्या वर गेलं की डॉक्टरांचा संशय खड्यावरच जातो. खडा नसला तरी सुजलेलं स्वादुपिंड ती नळी दाबू शकतं. शिवाय तिथलं रक्त आधी यकृतातच जातं. दाहाची रसायनं पोचली की यकृतातल्या राखणदार पेशी चवताळतात आणि आग फुप्फुसांपर्यंत, किडन्यांपर्यंत पसरते.

नातेवाईक मात्र हळूच विचारायचे, "घेत होता का?" दारू हेही मोठं कारण आहे, पण अण्णा थेंबाला शिवत नाही. ऐकून ऐकून वहिनी रडकुंडीला आली.

यावर नेमकं असं औषधच नाही, हे ऐकून मी हबकलो. मोजून सलाईन, कळ थांबवायची इंजेक्शनं आणि तासातासाला लघवीचं माप. "अँटिबायोटिक का देत नाही?" म्हणून मी वाद घातला. जंतुसंसर्ग नसेल तर उपयोग नाही, म्हणाले. संध्याकाळी हुडहुडी भरून ताप आला, तेव्हा त्यांनीच लगेच सुरू केलं आणि 24 तासांच्या आत तोंडातून दुर्बीण घालून खडा काढला. ईआरसीपी म्हणतात त्याला. तिसऱ्या दिवशी पेज दिली. पूर्वीसारखं उपाशी ठेवत नाहीत आता.

पित्ताशय राहिलं तर हे पुन्हा उलटतं, म्हणून घरी सोडण्याआधीच ते काढणार आहेत. सोमवारी ऑपरेशन.

शनिवारी हुतात्माने ये, मी स्टेशनवर येतो. येताना बाकरवडी आणू नकोस, अण्णा मागितल्याशिवाय राहणार नाही.

तुझा,
दत्ता