कोलोरॅडो शिकारमोहीम: शनिवारच्या बैठकीआधी वाचा

मंडळी, ज्यांना यंदा बिगहॉर्न या रानमेंढ्याचं किंवा म्यूल डियर या हरणाचं लायसन्स सोडतीत लागलंय, त्यांनी शनिवारी नकाशा घेऊन यावं. १ जानेवारी १९४९ला किंवा नंतर जन्मलेल्यांनी शिकार-प्रशिक्षणाचा दाखलाही आणावा. रायफलवाल्यांच्या अंगावर किमान ५०० चौरस इंच झळझळीत नारिंगी किंवा गुलाबी कपडा हवा, टोपीही तशीच.

नर मेंढ्याच्या शिंगाने निदान अर्धा वळसा घेतलेला असावा लागतो. दुर्बिणीतून ते बाजूने नीट दिसेपर्यंत चापाला बोट लावू नका, हात जोडून विनंती. दुपारी विजा कडाडू लागल्या की डोंगराच्या धारेवरून खाली उतरा.

आणि शिकारीचं मांस पाठीवरून किती फेऱ्यांत उतरवणार, हे आधीच ठरवा. गेल्या वर्षी आमच्या शिकारीची एक मांडी उन्हात राहिली, हाडापाशी हिरवी पडली. फार वाईट वाटलं. मांसासाठी सुती पिशव्या प्रत्येकाने आणायच्याच.