सूचना : अभ्यासिकेतल्या मुलांकडे लक्ष असू द्या

सभासद ग्रंथपालांनो, नमस्कार.

परीक्षा जवळ आल्यात. ठाणे, कळवा, ऐरोलीच्या अभ्यासिकांत काही मुलं तासन्‌तास एकच पान उघडून बसलेली दिसतात. त्यांना हटकू नका. देवघेवीच्या टेबलाशी आली की ‘जेवलास का?’ एवढंच विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. सल्ल्यापेक्षा हे जास्त पोचतं, असं मला मनापासून वाटतं. पुस्तक त्यांनाच निवडू द्या. कोणतं नेलं, याची चर्चा नको.

मात्र जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा ऐकली तर गुपित ठेवू नका, मुलाला एकटं सोडू नका. मदतीसाठी फोन करा : टेली-मानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) १४४१६, चाइल्डलाइन (मुलांसाठीची हेल्पलाइन) १०९८. दोन्ही मोफत, चोवीस तास. हे क्रमांक स्वच्छतागृहाच्या दारामागेही लावा, तिथे मुलांना न लाजता टिपून घेता येतात.