धबधबा घरामागेच होता

त्सिलिस, स्वित्झर्लंड
१२ सप्टेंबर

प्रिय बंड्या,

फोनवर सांगून भागणार नाही, म्हणून कागद घेऊन बसलोय. चार दिवस या गावात मुक्काम आहे. मूठभर घरं, गाईंच्या घंटा आणि संत मार्टिनचं चर्च. चर्च बाहेरून इतकं साधं, की मी सरळ पुढे निघालो होतो. आत गेलो तर हातात आरसाच दिला. म्हटलं, भांग पाडून यायचं की काय? तर पाहायचं ते सगळं छतावर! लाकडाच्या १५३ फळ्या, ओळीला ९ याप्रमाणे १७ ओळी, बाराव्या शतकात रंगवलेल्या. कडेने समुद्र आणि त्यात पुढून चतुष्पाद, मागून मासळी असले प्राणी. आत येशूची गोष्ट. आरसा छातीशी धरायचा आणि चौकोन-चौकोन सरकत जायचं. घोड्यावरच्या राजाशेजारी मध्येच माझी दुहेरी हनुवटी उगवायची!

पण खरं लिहायचंय ते रोफ्ला घळीबद्दल. हा सगळा घाटरस्ता, आपल्या नाणेघाटाचाच भाऊबंद. श्प्लुगेन खिंडीतून इटलीकडे खेचरांवर माल जायचा, त्यावर इथल्या चुली पेटायच्या. रोफ्लाच्या अलीकडे व्हिआ माला ही अरुंद घळ लागते. नावाचा अर्थच ‘वाईट वाट’. कठड्यावरून खाली ऱ्हाईन पाहिली आणि गुपचूप मागे सरकलो. तर १८८२ साली गोटहार्ड या दुसऱ्या खिंडीखालून इटलीकडे रेल्वे सुरू झाली आणि हा घाट ओस पडला. रोफ्लाच्या खानावळीतला क्रिस्तियान पिच्चेन-मेल्चिओर पोटासाठी अमेरिकेला गेला. नायगाऱ्यावरची गर्दी पाहून त्याच्या डोक्यात आलं, अरे, धबधबा तर आपल्या घरामागेही आहे! परतला आणि १९०७ ते १९१४, हिवाळ्यामागून हिवाळे कड्यातून वाट कोरत राहिला. खडकाला हाताने भोक पाडायचं, सुरुंग ठासायचा, उडवायचा. असे सुमारे ८००० सुरुंग. बायकोने काय काय ऐकवलं असेल, याचाच मी वाटभर विचार करत होतो.

आजही खानावळीतूनच आत शिरावं लागतं. वाकून, ओल्या खडकाला हात लावत चालायचं आणि शेवटी थेट धबधब्याखाली. पाणी डोक्यावरून पलीकडे कोसळतं, आपण सुक्यात. म्हणजे जवळजवळ सुक्यात. चष्मा तीनदा पुसला.

नाणेघाटातल्या त्या जकातीच्या रांजणाशी बसून आपण भाकरी खाल्ली होती, आठवतं? आलास की परत जाऊ.

काकूंना नमस्कार. आणि हो, आरसा घेऊन तसाच बाहेर पडलो होतो. दारातल्या बाईंनी हाक मारली म्हणून बरं.

तुझा,
अव्या