बीटाच्या एका आकड्यावरून निष्कर्ष नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आयव्हीएफसाठी (शरीराबाहेर तयार केलेला गर्भ गर्भाशयात सोडण्याच्या उपचारासाठी) बेळगाव, कोल्हापूर किंवा हुबळी गाठायची आणि पुढच्या रक्ततपासण्या निपाणी, चिकोडी, खानापुरातल्या लॅबमध्ये करायच्या, हे सीमाभागात आता नेहमीचे झाले आहे. रिपोर्ट मोबाइलवर आधी येतो, डॉक्टरांची भेट नंतर. मधल्या वेळात घरभर बीटाची, म्हणजे गर्भ रुजल्यावर रक्तात वाढणाऱ्या एचसीजी हार्मोनच्या आकड्याची, एकच चर्चा: जाऊबाईंचा बीटा तीनशे होता, आपला नव्वदच का?

पाच दिवसांचा गर्भ सोडल्यावर रक्त नवव्या दिवशी दिले की चौदाव्या, यावर बीटा-एचसीजी कितीतरी पटींनी बदलतो. खरी माहिती मिळते ती ४८ तासांनी केलेल्या दुसऱ्या तपासणीतून. तेव्हाही 'दुप्पट झालाच पाहिजे' हे खरे नाही. पहिला आकडा १५०० च्या आत असेल तर दोन दिवसांत किमान ४९ टक्के, १५०० ते ३००० असेल तर ४० टक्के आणि त्यापुढे ३३ टक्के वाढ अपेक्षित धरतात. म्हणजे ९० चा १४० झाला तरी तो हिशेबात बसतो. मात्र गर्भाशयाऐवजी नळीत रुजलेला गर्भही कधी कधी अशीच वाढ दाखवतो, म्हणून सोनोग्राफी टाळू नये.

दोन्ही वेळा लॅब एकच हवी, कारण किट बदलले की त्याच रक्ताचा आकडा बदलतो. तालुक्याला फक्त नमुना घेतात की तिथेच तपासतात, हेही विचारावे. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगावे. काही यंत्रांवर त्यामुळे बीटा खोटाच कमी दिसतो.

सर्वांत जास्त गोंधळ प्रोजेस्टेरॉनचा, म्हणजे गर्भ टिकवणाऱ्या हार्मोनचा. योनीमार्गे ठेवलेल्या कॅप्सूलचे औषध गर्भाशयात भरपूर पोहोचते, रक्तात त्या मानाने कमी उतरते. डायड्रोजेस्टेरॉनची (त्याच कामाच्या दुसऱ्या औषधाची) गोळी तर या तपासणीत मोजलीच जात नाही. तेव्हा रिपोर्ट कमी आला म्हणजे औषध लागू पडत नाही, असे नव्हे. गोठवलेला गर्भ हार्मोनच्या गोळ्यांवर सोडला असेल तर त्या महिन्यात अंडाशयाकडून हे हार्मोन जवळजवळ मिळतच नाही. वार (प्लासेंटा) ते तयार करू लागेपर्यंत सगळी भिस्त बाहेरच्या औषधावर. डाग दिसले, 'पाळीच आली' म्हणून कॅप्सूल बंद करणे इथे महागात पडते. डोस कमी करायचा की बंद, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवावे. जांबोटी-कणकुंबीकडच्यांनी पावसाळ्यात आठवड्याचा साठा जवळ ठेवावा, मेडिकलमध्ये ऐनवेळी मिळेलच असे नाही.

सोनोग्राफीत आणखी एक घोटाळा होतो. पाच दिवसांचा गर्भ सोडला तो दिवस गर्भारपणाच्या हिशेबात २ आठवडे ५ दिवसांचा धरायचा. गावातल्या डॉक्टरांना फक्त पाळीची तारीख सांगितली तर गर्भ उगाच लहान ठरू शकतो. ठोके साधारण सहा ते साडेसहा आठवड्यांनी दिसू लागतात. पाचव्या आठवड्यात ते नाहीत म्हणून रडारड नको.

एका बाजूला ओटीपोटात जोराची कळ, खांद्यात दुखणे, चक्कर येणे, किंवा पोट फुगून लघवी कमी होणे, यांत मात्र कुठल्याच रिपोर्टची वाट पाहू नये. थेट रुग्णालय गाठावे, गाडी नसेल तर १०८.

उपचार केंद्रांना विनंती एवढीच, की गर्भ सोडल्याची तारीख, तो किती दिवसांचा होता, एचसीजीचे इंजेक्शन कधी दिले आणि कोणती औषधे चालू आहेत, हे एका कागदावर लिहून द्यावे. या इंजेक्शनमधले एचसीजी दहा ते चौदा दिवस रक्तात राहू शकते, आणि ती तारीख माहीत नसली तर खोटा पॉझिटिव्ह ओळखायला आमच्याकडे काही साधन नसते.

– सीमाभागातील काही लॅब तंत्रज्ञ, निपाणी व खानापूर