सुझी वोल्फ, तुमचे मनापासून आभार

सप्रेम नमस्कार.

तुमच्या कारकिर्दीतलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते सिल्व्हरस्टोन. जुलै 2014, फॉर्म्युला वनच्या ब्रिटिश ग्रां प्रीचं पहिलं सराव सत्र. 1992 मध्ये इटलीची चालक जोव्हाना आमाटी पात्रता फेरीत उतरली होती. त्यानंतर थेट 22 वर्षांनी ग्रां प्रीच्या वीकएंडला एक बाई गाडी घेऊन ट्रॅकवर आली, आणि चार फेऱ्यांतच तुमच्या विल्यम्स संघाच्या गाडीच्या इंजिनाने दगा दिला! किती चुटपुट लागली होती. दोन आठवड्यांनी हॉकेनहाइमला तुम्ही पुन्हा बसलात. तिथेही गाडीने सुरुवातीला त्रास दिला, तरी तुमची वेळ संघातल्या फेलिपे मासापेक्षा जेमतेम 0.2 सेकंदाने मागे होती.

एवढं करूनही शर्यतीची सीट काही मिळाली नाही. त्याआधी डीटीएम या जर्मन टूरिंग कार मालिकेत मर्सिडीजच्या गाडीत 7 हंगाम काढलेले. 2015 च्या अखेरीस तुम्ही हेल्मेट उतरवलंत. मनात कडवटपणा धरून बाजूला झाला असतात, तरी कुणी नाव ठेवलं नसतं. तुम्ही इलेक्ट्रिक गाड्यांच्या फॉर्म्युला ई मालिकेतला व्हेंचुरीचा संघ सांभाळलात आणि 2023 मध्ये एफ वन अकॅडमी या फक्त मुलींच्या शर्यत मालिकेची सूत्रं हाती घेतलीत.

हे आभार त्यासाठी आहेत. माझी मुलगी कार्टिंग करते. 'पुढे काय?' असं कुणी विचारलं की मी विषय बदलायचे. कार्टमधून फॉर्म्युला फोरच्या, म्हणजे पुढच्या पायरीच्या, गाडीत जायचं तर खर्च एकदम कुठल्या कुठे जातो, सरावाला ट्रॅक हवा, पाठीशी संघ हवा. कितीतरी मुली तिथेच गळतात. तुम्ही नेमका तिथेच हात घातलात. 2024 पासून फॉर्म्युला वनच्या तेव्हाच्या दहाही संघांचे रंग अकॅडमीच्या गाड्यांवर आले आणि तिच्या सगळ्या शर्यती ग्रां प्रीच्याच वीकएंडला होऊ लागल्या. ज्यांच्या नजरेत भरायला हवं, ती माणसं आता तिथेच असतात.

त्या वर्षी अ‍ॅबी पुलिंग विजेती ठरली आणि तिला 2025 साठी जीबी3 या ब्रिटनमधल्या वरच्या मालिकेतली सीट मिळाली, खर्चासकट. नुसत्या करंडकावर भागवलं नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. पुलिंगच्या शर्यती माझी मुलगी थांबवून थांबवून बघते आणि ब्रेक कुठे दाबला ते मला बोटाने दाखवते.

आता 'पुढे काय?' विचारणाऱ्यांना उत्तर तीच देते. मला बोलूच देत नाही.

तुमची ऋणी,
कार्टिंग करणाऱ्या एका मुलीची आई