कॉन्व्हेंटची पहिली वस्तीतल्या मुलींसाठी उघडा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना शिक्षण हक्क कायदा लागू व्हावा की नाही यावर पुन्हा चर्चा सुरू झालीय. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने प्रमती केसमध्ये या शाळांना, मग त्या अनुदानित असोत की विनाअनुदानित, कायद्यातून पूर्ण वगळलं होतं आणि १ सप्टेंबर २०२५ ला त्याच कोर्टाच्या दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाने त्या निकालाबद्दल शंका घेऊन तो विषय मोठ्या पीठाकडे पाठवायला सांगितलं. कोर्ट काय ठरवायचं ते ठरवेल, त्याला कितीही वर्षं लागोत. मला लिहायचंय ते मुलींच्या कॉन्व्हेंट शाळांमधल्या पहिलीच्या वर्गाबद्दल, कारण तिथे गरीब घरातल्या मुलींसाठी दार जवळजवळ बंद झालंय आणि ते उघडायला कोर्टाच्या निकालाची काहीच गरज नाहीये.

मी स्वतः कॉन्व्हेंटमध्ये शिकले, ऐंशीच्या दशकात, मुंबईतच. आमच्या वर्गात डॉक्टरची मुलगी होती, टॅक्सीवाल्याची होती, गिरणी बंद पडून घरी बसलेल्यांच्या मुली होत्या, आणि शेजारच्या चर्चच्या आवारात राहणाऱ्या दोघी-तिघी पण होत्या. चौथीत शिवणाचा तास असायचा, पांढऱ्या रुमालाला आधी धावदोरा मग चेन स्टिच, आणि सिस्टर बाकांमधून फिरताना टाका वाकडा दिसला की सुईच्या टोकानेच तो उसवून परत हातात द्यायच्या, रागावायच्या नाहीत. ज्यांना रंगीत दोरा आणणं जमायचं नाही त्यांच्यासाठी टेबलावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असायचा, त्यात आधीच्या बॅचचे उरलेले दोरे गुंडाळून ठेवलेले, कोणी घेतलं कोणी नाही हे सिस्टर बघायच्या पण नाहीत. कॅटेकिझमच्या म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या तासाला कॅथलिक मुली एका वर्गात आणि आम्ही बाकीच्या मॉरल सायन्सला दुसऱ्या वर्गात, तेवढाच काय तो फरक, आणि तास संपला की सगळ्या पुन्हा एका बाकावर. आज माझी मुलगी अशाच एका शाळेत तिसरीत आहे. शाळा चांगली आहे, टीचर जीव लावून शिकवतात, त्याबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. पण तिच्या वर्गात टॅक्सीवाल्याची मुलगी नाहीये.

हे का झालं ते फी वाढली एवढ्या एका कारणाने सांगून भागत नाही. बऱ्याच जुन्या कॉन्व्हेंटची प्रायमरी अजूनही अनुदानित आहे, टीचरांचा पगार सरकार देतं, पहिलीपासूनची फी आजही मध्यमवर्गाला परवडेल अशीच असते. खरी गोम आहे केजीत. ज्युनिअर केजी, सीनिअर केजीला सरकारी अनुदान नसतं, ते वर्ग शाळा स्वतःच्या पैशावर चालवते आणि साहजिकच तिथे फी पूर्ण लागते. मग केजीतून वर आलेल्या मुलींनीच पहिलीचे सगळे वर्ग भरतात, बाहेरून येणाऱ्या मुलीसाठी जागा उरतच नाही. म्हणजे पहिली स्वस्त आहे पण तिथे पोचायचा रस्ता महाग आहे, आणि तो रस्ता मूल साडेतीन वर्षांचं असतानाच पकडावा लागतो. फॉर्म कधी निघतात, कुठली तारीख, कुठले कागद, हे ज्या आईला माहीतच नाही ती तिथेच मागे पडते.

आमच्या बिल्डिंगखाली इस्त्रीचं दुकान आहे, तिथल्या ताईंनी मागच्या वर्षी मुलीसाठी जवळच्या एका कॉन्व्हेंटमध्ये चौकशी केली. मुलगी अंगणवाडीत गेलेली, चुणचुणीत, मराठी वाचायला सुद्धा लागलेली. ऑफिसमध्ये नीट बोलले, कुणी हाकललं वगैरे नाही, पण उत्तर हेच की पहिलीला ॲडमिशन नाहीत, केजीच्या वेळी यायला हवं होतं. ताई म्हणाल्या, वहिनी, तेव्हा तर आम्ही गावी होतो, लॉकडाऊनच्या कर्जातून बाहेर पडत होतो. मुलगी आता म्युनिसिपल शाळेत जाते. मोठा भाऊ मात्र इंग्लिश मीडियमच्या प्रायव्हेट शाळेत आहे, त्याची फी कशीबशी भरतात. ज्या घरात एकाच मुलाची फी परवडते तिथे ती कोणाची भरली जाते हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच मुलींच्या शाळेचा प्रश्न मला वेगळा वाटतो. आईबाप जी फी मुलावर खर्च करतात ती मुलीवर करत नाहीत, आणि नेमकी हीच उणीव भरून काढायला एकेकाळी या शाळा होत्या. शिवाय पहिली ते दहावी एकाच आवारात, सगळ्या मुलीच, गेटवर ओळखीचा वॉचमन, त्यामुळे सातवी-आठवीनंतर शाळा बदलायची वेळ आली की मुलीला घरी बसवायचं, हा प्रकार या शाळांमध्ये होत नाही. म्युनिसिपालिटीच्या बहुतेक शाळा मात्र तिथेच संपतात.

कोणी म्हणेल, मग आरटीईची, म्हणजे याच शिक्षण हक्क कायद्याने प्रायव्हेट शाळांमध्ये गरीब मुलांसाठी ठेवलेल्या २५ टक्के जागांची लॉटरी आहे ना. आहे, पण कॉन्व्हेंट त्यात येत नाहीत आणि बाकीच्या शाळांमध्ये सुद्धा दुर्बल घटकासाठी उत्पन्नाची अट वर्षाला १ लाख रुपये आहे. मुंबईत सिक्युरिटी गार्डचा, इस्त्रीवाल्याचा आकडा त्याच्या वर जातो आणि तरीही तो गरीबच असतो. सरकारची नियत पण बघा. फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलून जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर प्रायव्हेट शाळांना २५ टक्क्यांतून सूट देऊन टाकली होती, १९ जुलै २०२४ ला हायकोर्टाने ती रद्द केली म्हणून वाचलो. या मुलांच्या फीपोटी सरकारने शाळेला एका मुलामागे १७,६७० रुपयांची जी प्रतिपूर्ती ठरवलीय ती वेळेवर मिळत नाही म्हणून शाळा ओरडत असतात, आणि त्यात त्या खोटं बोलत नाहीत. त्यामुळे सरकारच्या भरवशावर बसण्यात अर्थ नाही, हे सिस्टरांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

मला सांगावंसं वाटतं ते हे की कॉन्व्हेंट चालवणाऱ्या सिस्टरांच्या या संस्थांची सुरुवातच गरीब मुलींपासून झालीय. कनोसियन संस्था काढणाऱ्या मॅग्दलिन ऑफ कनोसा इटलीतल्या व्हेरोना शहरात सरदार घराण्यात वाढल्या आणि १८०८ मध्ये घर सोडून तिथल्याच गरीब वस्तीतल्या मुलींना शिकवायला गेल्या. जीझस अँड मेरी संस्थेच्या क्लॉडिन थेवने यांनी १८१८ मध्ये फ्रान्सच्या लिऑनमध्ये संस्था उभी केली, कामाची सुरुवात झाली ती अनाथ मुलींना घेऊन, त्यांना शिक्षणाबरोबर रेशीम विणायला शिकवून पायावर उभं करण्यापासून. या दोन्ही संस्थांच्या शाळा मुंबईत आहेत आणि मुंबईच्या कितीतरी पिढ्यांवर त्यांचे उपकार आहेत. फाउंडर्स डेला मुली स्टेजवर हीच गोष्ट नाटकात करून दाखवतात. माझी मुलगी पण होती त्यात, अनाथ मुलीच्या रोलमध्ये.

आणि हे आजच्या काळात जमणार नाही असं म्हणणाऱ्यांनी कोलकात्याच्या सियालदह स्टेशनजवळची लोरेटो डे स्कूल बघावी. तीही कॅथलिक मुलींची शाळा, इंग्लिश मीडियम, फी भरणाऱ्या घरांमधल्या मुलींची. १९७९ मध्ये सिस्टर सिरिल मूनी तिथे प्रिन्सिपल झाल्या, मूळच्या आयर्लंडच्या, आणि त्यांनी हळूहळू फी न भरणाऱ्या मुलींची संख्या वाढवत नेली, इतकी की साधारण १,४०० मुलींपैकी निम्म्या बिनफीच्या झाल्या. पुढे १९८५ च्या सुमारास रेनबो नावाचा उपक्रम सुरू केला, स्टेशनवर आणि फुटपाथवर राहणाऱ्या मुलींसाठी. त्यांना टाइमटेबल नाही, त्या येतील तेव्हा यायचं, आणि शिकवायचं कोणी तर पाचवीच्या पुढच्या नेहमीच्या विद्यार्थिनींनी, एकीने एकीला. म्हणजे युनिफॉर्ममधली दहा-अकरा वर्षांची मुलगी आपल्याच वयाच्या किंवा लहान मुलीला घेऊन बसते, अक्षरं गिरवून घेते, बेरीज करून घेते, आणि हे तिच्या कार्यानुभवाच्या तासात धरलं जातं. तयारी झाली की त्या मुलीला तिच्या वयाच्या वर्गात नेहमीच्या शाळेत घालायचं. ज्यांना रात्री झोपायला सुरक्षित जागा नव्हती त्यांची सोय शाळेच्याच इमारतीत केली. सिस्टर सिरिलना २००७ मध्ये पद्मश्री मिळाली, २०२३ मध्ये त्या गेल्या. त्यांनी हे सगळं आरटीई कायदा यायच्या कितीतरी आधी केलं, कोणी सक्ती केलेली नव्हती.

पालकांना भीती वाटते की दर्जा घसरेल, आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा विषय निघाला की लगेच तेच. माझ्या मते सहा वर्षांच्या मुलीला बाजूला कोण बसलंय याने काही फरक पडत नाही, तिला फक्त खोडरबर शेअर करणारी कोणीतरी हवी असते. इंग्लिशची अडचण खरी आहे, अंगणवाडीतून आलेली मुलगी पहिले सहा महिने गप्प बसेल, पण त्यासाठी शाळा सुटल्यावर तासभर जास्तीचा वर्ग घेता येतो आणि त्याला आमच्यासारख्या माजी विद्यार्थिनी फुकट येतील, मी विचारलंय, येतील. दुसरी हरकत कॅथलिक समाजाची, की आधी आमच्या मुली. ती अगदी रास्त आहे, संविधानाच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क दिलाच आहे. पण गरीब कॅथलिक मुली पण केजीच्या फीपाशीच अडतात, घरकाम करणाऱ्या, झारखंडमधून आलेल्या, नगर-जालन्याकडून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या मुली. त्यांनाही याच जागांमधून आत घेता येईल.

माझी विनंती एवढीच आहे की मुलींच्या कॉन्व्हेंट शाळांनी पहिलीच्या प्रत्येक वर्गात, समजा ६० मुली असतील तर १० जागा, केजीत न भरता थेट पहिलीसाठी मोकळ्या ठेवाव्यात. शाळेच्या आसपासच्या वस्तीतल्या मुलींसाठी, इंटरव्ह्यू न घेता, चिठ्ठ्या टाकून. त्याची नोटीस वेबसाइटवर नको, गेटवर आणि जवळच्या अंगणवाडीत मराठी, हिंदीत लावावी, आणि फॉर्म भरायला ऑफिसमध्ये एक माणूस बसवावा. युनिफॉर्म, वह्या, पिकनिकचे पैसे यासाठी माजी विद्यार्थिनींचा फंड काढता येईल. येत्या वर्षाच्या ॲडमिशनचं प्लॅनिंग शाळांमध्ये दिवाळीनंतर सुरू होतं, त्याआधी हा विषय मॅनेजमेंटच्या आणि पीटीएच्या म्हणजे पालक-शिक्षक संघाच्या मीटिंगमध्ये यावा म्हणून हे पत्र. आमच्या शाळेच्या पीटीएत मी तो मांडणारच आहे, बाकीच्या शाळांमधल्या आयांनी पण मांडावा.

आपली,
एक माजी विद्यार्थिनी आणि पालक, मुंबई