मेडिकलवाल्या दादांना, उदबत्ती विझवल्याबद्दल

दादा, सप्रेम नमस्कार.

परभणीत मेडिकलची दुकानं गल्लोगल्ली आहेत. पण चिठ्ठी हातात घेऊन "ताई, ही गोळी किती वाजता घेता आणि तिच्या आधी पोटात काय असतं?" असं विचारणारे आम्हाला तुम्हीच भेटलात. हे आभार चारचौघांत मानावेसे वाटले, कारण फायब्रोमायल्जियाचं (अंगभर सतत दुखण्याच्या आजाराचं) दुखणं आणि त्याबरोबरची मळमळ ज्यांच्या घरात आहे त्यांनाही तुमचं सांगणं कामी येईल.

तुमच्या आधी काय ऐकलं ते सांगायलाच हवं. रक्त, सोनोग्राफी, एंडोस्कोपी सगळं नॉर्मल आलं की मळमळ 'मनाची' ठरायची. नाहीतर 'पित्त' म्हणून पोटातलं आम्ल कमी करणाऱ्या पॅन्टोप्राझोलची पट्टी महिनोन्महिने पुढे चालू. एका मोठ्या दवाखान्यात तर पेशंट समोर बसलेली असताना घरच्यांना सांगितलं, "यांना कामात गुंतवा." अहो, सांधे-स्नायूंच्या आजारांच्या डॉक्टरांची संस्था असलेल्या अमेरिकन कॉलेज ऑफ र्‍ह्युमॅटॉलॉजीच्या २०१० च्या निकषांत या आजाराच्या लक्षणांच्या यादीत मळमळ छापलेली आहे. शिकल्यासवरल्या माणसानं निदान एवढं तरी वाचलेलं असावं.

आणि तुम्ही? पेशंटनं पदर नाकाला लावलेला पाहिलात, काही न बोलता गल्ल्यामागच्या देवापुढची उदबत्ती चिमटीत धरून विझवलीत, खुर्ची पंख्याखाली सरकवलीत आणि मगच चिठ्ठी उघडलीत. या आजारात मेंदू आणि मज्जारज्जू वेदनेचे निरोप वाढवून घेतात. अनेकांच्या बाबतीत वास, उजेड, आवाज यांचंही तसंच होतं. दुसऱ्याला सुवास वाटतो, त्यानं यांना उमासे येतात. हे नाटक नाही, हे तुम्हाला कुणी सांगावं लागलं नाही. तिथंच अर्धं दुखणं हलकं झालं. फी मोठी, पाटी मोठी, पण समोरच्याच्या तोंडाकडे न बघणारे खूप असतात. काउंटरमागे उभं राहून माणूस वाचणारे थोडे.

मग तुम्ही मळमळ वेळेवरून ओळखायला शिकवलीत. गोळी घेतल्यावर तास-दोन तासांत उठते की सकाळी उठून उभं राहताच? जेवल्यावर पोट तटतटून येते की दुखणं भडकलं की येते? या दुखण्यावर देतात त्या ड्युलोक्सेटिनची मळमळ सुरुवातीला जास्त असते, बहुतेकांना एक-दोन आठवड्यांत उतरते. म्हणूनच डॉक्टर सहसा ३० मिलिग्रॅमनं सुरू करून आठवड्यानं ६० वर नेतात. ती भरल्या पोटी घ्यायची. कॅप्सूल फोडून पाण्यात टाकायची नाही, कारण आतल्या दाण्यांवरचं आवरण पोटातल्या आम्लापासून औषध वाचवतं. आणि 'मळमळतं म्हणून' एकदम बंद तर मुळीच नाही. अचानक सोडल्यावर मळमळ आणि चक्कर उलट वाढते. अ‍ॅमिट्रिप्टिलिन या दुखण्यावरच्या दुसऱ्या गोळीनं आतडं मंदावतं, शौचाला खडा होतो आणि पोट भरल्यासारखं राहून मळमळतं, मग तिथं आधी बद्धकोष्ठता बघायची.

सगळ्यात मोलाचं म्हणजे चिठ्ठीतली ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी तुम्ही पकडलीत. ती स्वतः मळमळ आणते, शिवाय ड्युलोक्सेटिनबरोबर शरीरातलं सेरोटोनिन हे रसायन फार वाढवू शकते. मग घाम, थरथर, छातीत धडधड, अस्वस्थपणा. पण गोळी परस्पर बदलली नाहीत. कागदावर दोन ओळी लिहून "हे डॉक्टरांना दाखवा, ठरवतील ते" म्हणालात. आपली हद्द ओळखून केलेली मदत अशी असते.

खाण्याचं तर तुम्ही आपल्या मराठवाड्याच्या स्वयंपाकघरातूनच सांगितलंत. अंथरूण सोडण्याआधी मूठभर ज्वारीच्या लाह्या किंवा कडक भाकरीचा पापुद्रा चावायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, पाय खाली सोडून बसायचं, मग उठायचं. दोन मोठ्या जेवणांऐवजी दर अडीच-तीन तासांनी वाटीभर. गरम अन्नाचा वास जास्त सुटतो, म्हणून थंड झालेल्या कण्या आणि ताक, दहीभात, अंबील. लसणाची फोडणी आणि येसर मसाला भाजणं पेशंट दुसऱ्या खोलीत असताना, खिडकी उघडून. पाणी जेवताना घटाघटा नको, मधल्या वेळेत घोट-घोट. उलट्या झाल्याच तर ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरमध्येच कालवायचं. अर्ध्या तांब्यात घट्ट केलं की मीठ-साखर प्रमाणाबाहेर जाते आणि त्रास वाढतो. दर पाच मिनिटांनी दोन चमचे, त्याहून घाई नाही. परभणीच्या एप्रिल-मेच्या उन्हात हे आधीपासूनच हाताशी ठेवलेलं बरं.

सुंठ पाव चमचा, दिवसातून दोनदा, कोमट पाण्यात. जास्त झाली की छातीत जळजळ, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. जेवल्यावर दोन तास आडवं व्हायचं नाही. अंग दुखत असेल तर खुर्चीत रेलून बसायचं, खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा.

एक गोष्ट मात्र आम्हाला सर्वस्वी नवी होती. इंजेक्शनआधी पुसतात तो अल्कोहोल स्वॅब. उमासे सुरू झाले की तो फोडून नाकापासून एका बोटाच्या जाडीएवढ्या अंतरावर धरायचा आणि नाकानं सावकाश, खोल श्वास घ्यायचा. अमेरिकेतल्या आपत्कालीन विभागांत यावर चाचण्या झाल्या आहेत, आराम बऱ्याच जणांना मिनिटांत पडतो. ज्याला तो वासच सोसत नाही त्यानं मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, हाताला ताठ लागणाऱ्या दोन कंडरांच्या मधोमध अंगठ्यानं दोन-तीन मिनिटं दाबून बघावं.

आणि हेही तुम्ही बजावून सांगितलंत की प्रत्येक मळमळ फायब्रोमायल्जियाच्या नावावर टाकू नका. उलटीत रक्त, काळी शौच, घोटभर पाणीही न टिकणं, लघवी कमी होणं, वजन उतरणं, छातीत किंवा पोटात जोराची कळ, यातलं काही दिसलं की लाह्या-सुंठ बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा.

दादा, तुम्ही त्या दिवशी बिलात फक्त स्वॅबचे पैसे लावलेत. बाकीचं देणं आमच्याकडे आहे.

तुमचे,
एका पेशंटच्या घरचे